आघातानंतरचे वर्ष

मानसिक आघाताविषयी आपल्याकडे दोन समजुती शेजारी शेजारी नांदतात. एक जुनी: काळ हेच औषध, झाले गेले गंगेला मिळाले, विषयच काढू नये. दुसरी नवी, बरीचशी मोबाइलच्या पडद्यावर वाढलेली: आघात झाला म्हणजे माणूस आतून मोडलाच, आणि ते सगळे लगेच कुणापाशी मोकळे केले नाही तर जन्मभर भोगावे लागणार. वरवर पाहता या समजुती एकमेकींच्या विरुद्ध आहेत, पण दोघींची नजर घडलेल्या घटनेवरच खिळलेली असते. गेल्या चार दशकांतले संशोधन एकत्र ठेवून पाहिले तर नजर थोडी पुढे सरकवावी लागते, घटनेनंतरच्या वर्षाकडे. त्या वर्षात झोप लागते का, हाताला काम आहे का, घरात ऐकून घेणारे कोणी आहे का, दारू वाढते आहे का, सावकार किंवा बँकेचा माणूस दारात येतो का, यांवर माणूस सावरणार की आजारी पडणार हे मोठ्या प्रमाणात ठरते. म्हणूनच आघातावरचे उपचार आणि मनाची रोजची निगा हे दोन वेगळे विषय मानण्यात चूक आहे, असे माझे म्हणणे आहे. त्यावर आक्षेप बरेच आहेत आणि काही चांगलेच वजनदार आहेत.

घटनेवर नजर खिळण्याला इतिहास आहे, आणि तो सन्मानाचा आहे हे आधी मान्य करायला हवे. १९१५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला, तेव्हा खंदकांतून थरथरत, मुके होऊन परतणाऱ्या सैनिकांना भेकड म्हणायचे की जखमी, हा खरा वाद होता. पहिल्या महायुद्धात पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने स्वतःच्याच ज्या सैनिकांना गोळ्या घातल्या, त्यांपैकी ३०६ जणांना माफी मिळायला २००६ साल उजाडले. पुढे व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी आणि बलात्कारपीडित स्त्रियांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी रेटा लावला आणि १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’, म्हणजे पीटीएसडी, या नावाला जागा मिळाली. दोष माणसाच्या स्वभावात नाही, त्याच्यावर गुदरलेल्या प्रसंगात आहे, हे त्या नावाने ठणकावून सांगितले. जवळजवळ कोणीही माणूस कोलमडेल असा प्रसंग, अशी मूळ व्याख्येची धारणा होती. तिने हजारोंची लाज धुऊन काढली. मात्र त्याच धारणेतून, भयंकर प्रसंग घडला की आजार ठरलेलाच, असाही समज पसरला, आणि तो आकड्यांपुढे टिकला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २४ देशांत झालेल्या पाहणीत सुमारे ७० टक्के लोकांनी आयुष्यात किमान एक आघातकारी प्रसंग अनुभवल्याचे सांगितले. अपघात, हल्ला, जवळच्याचा अचानक मृत्यू, आपत्ती, लैंगिक हिंसा, सगळे त्यात आले. पण आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झालेल्यांचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपासच निघाले, आणि प्रसंग अनुभवलेल्यांपुरते पाहिले तरी साडेपाच टक्क्यांच्या जवळपास. ही सरासरी सगळ्या प्रसंगांना सारखी लागू नाही. बलात्कारानंतर हे प्रमाण १९ टक्क्यांपर्यंत जाते, नैसर्गिक आपत्ती वा अपघातानंतर ते बरेच खाली असते. माणसाने माणसावर मुद्दाम केलेला आघात सर्वांत खोल जातो, हे जवळपास प्रत्येक अभ्यासात दिसते. जॉर्ज बोनॅनो यांनी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्क परिसरातल्या लोकांचा अभ्यास केला तेव्हा सुमारे ६५ टक्के लोकांत सहा महिन्यांनंतर आघाताचे एखादे लक्षण होते किंवा तेही नव्हते. मग उरलेले कोण? या प्रश्नाला २००० साली ख्रिस ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून उत्तर दिले, ते मला या सगळ्या क्षेत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. बालपणीचे अनुभव, शिक्षण, आधीचे मानसिक आजार या सगळ्यांचा थोडाथोडा वाटा निघाला. प्रसंग किती भीषण होता याचा वाटा त्याहून जास्त. आणि सर्वांत वर दोन गोष्टी आल्या: नंतर आधार न मिळणे, आणि नंतरच्या आयुष्यातले चालू ताण.

असे का होत असावे, हे समजायला हा आजार आतून कसा चालतो ते जरा जवळून पाहायला हवे. साधी आठवण हळूहळू जुनी होते. ती मनात आली तरी आपण आज, इथे बसलो आहोत हे भान सुटत नाही. प्रचंड भीतीच्या क्षणी नोंदल्या गेलेल्या गोष्टी मात्र तुकड्यांत राहतात. जळक्या रबराचा वास, पत्रा फाटल्याचा आवाज, कुणाच्या तरी हातातली पिशवी. असा तुकडा पुन्हा समोर आला की शरीर ते आत्ताच घडत असल्यासारखे वागते. छाती धडधडते, घाम फुटतो, पाय पळू पाहतात. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांमध्ये, सात स्फोट झाले. त्यातून वाचलेला एखादा प्रवासी डोळ्यांपुढे आणू. तो आधी पहिला वर्ग सोडतो. मग संध्याकाळची ती ठरावीक लोकल सोडतो. मग लोकलच सोडून बसने जाऊ लागतो, रोजचे दोन तास वाढतात, कामावर उशीर होतो, साहेबांची बोलणी बसतात. गाडी टाळली की त्या दिवशी जीव भांड्यात पडतो, आणि म्हणूनच टाळण्याची सवय घट्ट होते. रोज शेकडो गाड्या सुखरूप जातात हे शरीराला शिकायची संधीच उरत नाही. रात्री झोप तुटते, म्हणून दोन पेग सुरू होतात. झोप नाही म्हणून चिडचिड, चिडचिड म्हणून घरातले गप्प. वर्षभराने त्याच्याकडे पाहणाऱ्याला स्फोट दिसतच नाही. नोकरी धोक्यात आलेला, मुलांवर खेकसणारा, पिऊ लागलेला माणूस तेवढा दिसतो. आजार धरून ठेवणारी ही साखळी सगळी नंतरची आहे, आणि तिची प्रत्येक कडी रोजच्या जगण्यातली आहे.

‘लगेच बोलते करा’ या नव्या समजुतीचे काय झाले, ही कहाणी तपशिलाने सांगण्यासारखी आहे, कारण सदिच्छा आणि पुरावा यांच्यातले अंतर इतके स्वच्छ क्वचितच दिसते. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल या अमेरिकन तज्ज्ञाने अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांवर काम करणाऱ्यांसाठी एक पद्धत मांडली. भीषण प्रसंगानंतर काही दिवसांतच एक बैठक घ्यायची, प्रत्येकाने काय पाहिले, काय वाटले ते सांगायचे, आणि पुढे कोणती लक्षणे येऊ शकतात ते समजून घ्यायचे. कल्पना इतकी पटण्याजोगी होती की दशकभरात ती बँकांपासून विमान कंपन्यांपर्यंत सगळीकडे पसरली. मग कोणीतरी ती तपासून पाहिली. १९९७ मध्ये जोनाथन बिसन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला अशी बैठक दिली, दुसऱ्याला दिली नाही. तेरा महिन्यांनी बैठक मिळालेल्यांत २६ टक्क्यांना पीटीएसडी होता, न मिळालेल्यांत ९ टक्क्यांना. वाहन अपघातातल्या जखमींवर झालेल्या ब्रिटिश अभ्यासात तीन वर्षांनंतरचे चित्र असेच होते. सुरुवातीला ज्यांना जास्त त्रास होता आणि ज्यांना बोलते केले गेले, ते तसेच अडकून राहिले होते. ज्यांना सोडून दिले होते, ते बरेचसे सावरले होते. २००२ च्या कोक्रेन आढाव्याने अशा एकबैठकी प्रकाराची सक्ती थांबवावी असा स्पष्ट निष्कर्ष काढला. कारणाविषयी अंदाज करता येतो. भीती अजून शमलेली नसताना तोच प्रसंग पुन्हा उगाळला तर तो आणखी पक्का कोरला जातो, आणि इतरांच्या तोंडून ऐकलेली भीषणता त्यात भर घालते. याचा अर्थ गप्प बसवा असा मुळीच नाही. ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकावे, ज्याला नाही त्याला खोदू नये, इतकेच. २०११ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘मानसिक प्रथमोपचारा’त तीनच कामे सांगितली आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. कुठे जखम आहे, कोण एकटे पडले आहे ते बघा. गरज काय आहे ते ऐका. आणि नातेवाईक, अन्न, निवारा, दवाखाना यांच्याशी जोडून द्या. यातले शेवटचे काम मानसोपचारासारखे दिसतही नाही. आपत्तीनंतर गावात कॅमेऱ्यासमोर लोकांना ‘कसं वाटतंय’ विचारत फिरणाऱ्या वाहिन्यांनी बिसन यांचे आकडे एकदा वाचावेत.

महाराष्ट्रात याची सर्वांत मोठी परीक्षा किल्लारीच्या भूकंपात झाली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे नुकती निजली होती. माळवदाची घरे म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचे जड छत. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छत झोपलेल्या माणसांवर आले. मृतांचा आकडा नोंदीनुसार आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहे. या आपत्तीनंतर पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने आणि डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने, भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा पाठपुरावा सुरू केला. आपत्तीत मनाचाही हिशेब ठेवायचा असतो, हे देशात तोवर फारसे कोणाच्या गावी नव्हते, त्यामुळे हे काम मोलाचे ठरले. पण माझ्या मुद्द्यासाठी दवाखान्याबाहेर जे घडले ते जास्त बोलके आहे.

जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झाले आणि ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. भूकंपाला तोंड देणारी घरे, रुंद रस्ते, सरळ रेषेत आखलेले प्लॉट. अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर काम चोख. जुन्या गावात मात्र एका गल्लीत एक भावकी राहत होती, दारासमोर ओटा होता, म्हातारी ओट्यावर बसली की येणाऱ्याजाणाऱ्याची ख्यालीखुशाली तिला कळे आणि तिची गावाला. नव्या आखणीत घरे लांब लांब गेली, शेजारी बदलले, शेत लांब पडले. ज्या म्हाताऱ्याने लेक-सुना गमावल्या त्याला भक्कम घर मिळाले आणि दिवसभर तोंड उघडायला माणूस मिळेना. छताखाली झोपायची भीती बसलेली कित्येक कुटुंबे पुढे बराच काळ पत्र्याच्या शेडचा आसरा घेत राहिली. आजही त्या भागात जमिनीतून आवाज आला की लोक रात्र अंगणात काढतात, आणि त्यात वेडेपणा काही नाही. याच भूकंपानंतर दुसरीही एक गोष्ट घडली. पडझड झालेल्या, पण न हलवलेल्या गावांतल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण होणार होते. त्यासाठी प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब, सरकारी हप्ते, बांधकाम नीट होते की नाही यावर नजर, अशी कामे त्यांनी अंगावर घेतली. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा मराठवाड्यातल्या याच बायका तिथल्या बायकांना भेटायला, आपले अनुभव सांगायला गेल्या. हा कार्यक्रम मानसिक आरोग्याचा म्हणून आखलेला नव्हता, तेव्हा त्याला पुरावा म्हणून फार ताणू नये. पण २००७ मध्ये स्टीव्हन हॉबफॉल आणि जगभरच्या तज्ज्ञांनी मोठ्या आपत्तीनंतर काय लागते याची पंचसूत्री मांडली: सुरक्षितता, शांतपणा, आपल्या हातून काही होते ही जाणीव, माणसांशी जोडलेपण आणि आशा. यांतल्या शेवटच्या तीन गोष्टी सिमेंटची पोती मोजणाऱ्या त्या बायकांना आयत्या नव्हे, कष्टाने मिळत होत्या. भक्कम घर मिळूनही एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला त्यांतली एकही मिळाली नव्हती.

आता पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप. आघाताला रोजच्या जगण्यात विरघळवून टाकले तर खऱ्या आजाराला कमी लेखले जाईल. ‘कामात मन रमव, चार माणसांत मिसळ’ हा सल्ला ऐकून ऐकूनच तर लोक उपचारांपासून दूर राहिले. हे खरे आहे, आणि त्याला तितकेच ठाम उत्तर हवे. महिना-दोन महिने उलटूनही प्रसंग पुन्हा पुन्हा अंगावर येतो, झोप नाही, टाळाटाळ वाढते आहे, जगणे नकोसे वाटते, तर तिथे आपलेपणा पुरत नाही, प्रशिक्षित उपचार लागतात. ते उपलब्ध आहेत आणि परिणामकारक आहेत. सुरक्षित वातावरणात, माणसाच्या संमतीने, त्या आठवणीला ठरवून आणि टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारे उपचार. ‘चूक माझीच होती’ यासारख्या रुतून बसलेल्या निष्कर्षांची तपासणी करणारे उपचार. डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर पद्धत. यांच्या मागे भक्कम चाचण्या आहेत. हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत असेही नाही. काँगोमध्ये लैंगिक हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांसाठी अशीच उपचारपद्धती गटांत दिली गेली, देणाऱ्या स्थानिक सहायिकांपाशी मानसशास्त्राची पदवी नव्हती, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नुसत्या वैयक्तिक आधारापेक्षा तिचा परिणाम कितीतरी जास्त दिसला. इथे एक विसंगती नाही का? आधी म्हणायचे बोलते करू नका, आणि नंतर आठवणीला सामोरे जा? नाही, कारण फरक वेळेचा आणि रीतीचा आहे. पहिल्या आठवड्यातली एकच सक्तीची बैठक वेगळी, आणि आजार ठरल्यानंतर आठवडे चालणारे, रुग्णाच्या गतीने जाणारे उपचार वेगळे. आपल्याकडे मात्र यांच्याऐवजी बहुतेकांच्या वाट्याला येते ती झोपेची गोळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच स्पष्ट सांगितले आहे की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात लक्षणे कमी करण्यासाठी बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या देऊ नयेत. अल्प्राझोलामसारख्या या गोळ्या त्या रात्रीपुरती भीती दडपतात आणि सवय लावतात. गावोगावच्या दवाखान्यांत मात्र ‘मन लागत नाही, झोप नाही’ म्हटले की हातात तीच पट्टी पडते.

रोजची निगा आणि उपचार यांच्यामधली भिंत किती पातळ आहे हे गोव्याने दाखवले. १९९६ मध्ये तिथे सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम आखला. समुपदेशक स्थानिक, मानसोपचाराची पार्श्वभूमी नसलेले, नेमके प्रशिक्षण घेतलेले. कार्यक्रमाचा गाभा ऐकायला अगदीच साधा: मन उदास असले तरी ठरवलेली छोटी कामे करायची, कोणत्या कामाने दिवस हलका गेला ते टिपायचे, सुटलेल्या गाठीभेटी पुन्हा सुरू करायच्या, अडचणींचे तुकडे पाडायचे. २०१७ च्या ‘लॅन्सेट’मधल्या चाचणीत तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटातले ३९ टक्के. विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, ‘विश्राम’ या उपक्रमाने असेच गावातले कार्यकर्ते तयार केले. नैराश्य असलेल्यांपैकी कोणत्याही प्रकारची मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या भागात ही वाढ लहान नाही. हे दोन्ही उपक्रम नैराश्याचे होते, आघाताचे नव्हते, हा फरक मान्य. पण आघातानंतर पीटीएसडीइतकेच नैराश्य आणि दारू माणसाला घेरतात, आणि टाळत टाळत आकसलेले जगणे पुन्हा रुंद करणे हेच दोन्हीकडचे काम आहे. या हिशेबाने व्यायाम, ठरावीक वेळी उठणे, जेवण, सकाळचे ऊन, भजनी मंडळ, गावचा कट्टा यांना ‘घरगुती उपाय’ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. ध्यानाबाबत मात्र थोडे सावध बोलायला हवे. बऱ्याच जणांना त्याने शांत वाटते, पण ताजा आघात झालेल्या माणसाला डोळे मिटून दिवसच्या दिवस मौनात बसवले तर नेमके तेच तुकडे वर येऊ शकतात. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जात मानसिक त्रासाची माहिती विचारतात, ती उगाच नव्हे.

दुसरा आक्षेप स्त्रियांच्या चळवळीकडून येतो आणि तो टाळता येणार नाही. आधार, कुटुंब, शेजार यांची एवढी थोरवी गाता, पण घरातच आघात होत असेल तर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले, आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या साधारण १४ टक्केच होत्या. १९९८ मध्ये अमेरिकेत विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी दाखवले की बालपणी घरात सोसलेली मारहाण, लैंगिक अत्याचार, व्यसनी पालक यांची संख्या जसजशी वाढते, तसतसा मोठेपणी नैराश्याचाच नव्हे, हृदयविकाराचाही धोका वाढतो. अशा घरात ‘नंतरचे वर्ष’ नावाचे काही नसतेच. आघात संपलेलाच नसतो. या आक्षेपाने माझा मुद्दा मोडत नाही, पण त्याला एक अट मात्र जोडली जाते: आधार म्हणजे आपोआप नातेवाईक नव्हेत. ब्रुइन यांच्या आढाव्यातला ‘आधार नसणे’ हा घटक एकटेपणाइतकाच उलट प्रतिसादाचाही आहे. ‘तूच काहीतरी केलं असशील’, ‘घरातली गोष्ट बाहेर नको’ ही वाक्ये आघातानंतर जो घाव घालतात तो अनेकदा पहिल्यापेक्षा जास्त काळ टिकतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी पंचवीस वर्षांपूर्वी सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्र यासाठीच महत्त्वाचे आहे. ‘बाथरूममध्ये पडले’ म्हणत हात मोडून आलेली, किंवा विष घेतलेली बाई आधी हाडांच्या विभागात नाही तर अपघात विभागात येते. तिथल्या परिचारिकेने ओळखायचे, बाजूला घेऊन विचारायचे, आणि त्याच इमारतीत समुपदेशन, पोलीस, वकील, निवारा यांच्याशी जोडून द्यायचे. बाईला मानसोपचार विभागाची पायरी चढावी लागत नाही आणि घरी उत्तर द्यावे लागत नाही.

तिसरा आक्षेप, की पीटीएसडी ही पाश्चात्त्यांची आयात आहे, मला अर्धाच पटतो. २००४ च्या सुनामीनंतर श्रीलंकेत परदेशी समुपदेशकांचे जथे उतरले तेव्हा गायत्री फर्नांडो यांनी तिथल्या लोकांना आघाताचे परिणाम कसे जाणवतात ते त्यांच्याकडूनच समजून घेतले. स्वतःच्या मनातल्या लक्षणांपेक्षा नात्यांत आणि समाजात आपली जागा सुटणे त्यांना जास्त सलत होते. आपल्याकडेही ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं भणभणतं’, ‘अंगात त्राण नाही’ अशा शारीरिक तक्रारींनीच लोक डॉक्टरकडे जातात. पण भीतीने झोपेतून दचकून उठणे, त्या जागेकडे पाय न वळणे, हे किल्लारीलाही होते आणि न्यूयॉर्कलाही. लक्षणांचा गाभा सारखा आणि त्यांचा अर्थ लावण्याची रीत वेगळी, असे साधारण चित्र आहे. उलट दिशेची तक्रार निक हॅसलम यांनी २०१६ मध्ये केली: आघात, छळ असे शब्द इतके सैल होत चालले आहेत की रोजचा अपमान आणि मनस्तापही त्यांत बसू लागला आहे. शहरी मराठी तरुणांच्या बोलण्यात ‘ट्रॉमा झाला’ हे परीक्षेपासून ब्रेकअपपर्यंत ऐकू येते. त्यात थट्टा करण्यासारखे फारसे काही नाही, तोही त्रास खराच असतो. नुकसान इतकेच, की प्रत्येक दुखण्याला आघात म्हटले की स्वतःला मोडलेले समजण्याची घाई होते, आणि बहुतेक माणसे सावरतात ही सर्वांत आश्वासक गोष्ट झाकली जाते.

सावरण्याच्या या आकड्यांचा एक दुरुपयोग मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ६५ टक्के लोक आपोआप सावरतात म्हटले की शासनाला सुटकेचा श्वास टाकता येतो. मुंबईकरांच्या ‘स्पिरिट’चे गोडवे हा त्याचाच प्रकार आहे. स्फोटांच्या दुसऱ्या दिवशी लोकल भरून धावली, कारण बहुतेकांना सुट्टी परवडणारी नव्हती. माणसे हवेत सावरत नाहीत. पगार चालू असतो, शाळा उघडते, शेजारी तेच असतात, म्हणून सावरतात. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेली ठाकर कुटुंबे डोंगरावरून खाली, कंटेनरच्या खोल्यांत आली. रोजचा रान-शेताचा व्यवहार तुटलेला असताना त्यांच्या चिवटपणाची स्तुती करणे स्वस्त आहे.

तेव्हा व्यवस्था कोणासाठी आणि केव्हा उभी करायची, याचे उत्तर पुराव्यातच आहे. पहिल्या आठवड्यात समुपदेशकांच्या बसगाड्या नकोत; अन्न, निवारा, बेपत्ता माणसांचा शोध, खरी माहिती आणि आपली माणसे जवळ राहतील अशी छावणी हवी. त्यानंतरचे वर्ष मात्र रिकामे जाऊ देता कामा नये, आणि आज नेमके तेच जाते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने २०१५-१६ मध्ये दाखवले की आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळतच नाहीत. त्या पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही आपल्याला शोभणारी गोष्ट नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उपचारांचा हक्क देतो, २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो, मराठवाडा-विदर्भात ‘प्रेरणा’ प्रकल्पाने आशा कार्यकर्तींना शेतकऱ्यांच्या घरी पाठवून पाहिले. तुकडे आहेत, जोडलेले नाहीत. आपत्ती, अपघात, आत्महत्या किंवा लैंगिक अत्याचार घडलेल्या घरी पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात एक भेट व्हावी. त्या भेटीत झोप, काम, दारू, कर्ज आणि ‘जगावेसे वाटते का’ एवढे विचारले जावे, आणि घरातच हिंसा असेल तर ते एकटीला विचारण्याची सोय असावी. उत्तर चिंताजनक निघाले तर जिल्हा रुग्णालयात गोळ्यांखेरीजचे, आठवणीला सामोरे नेणारे उपचार देणारा किमान एक प्रशिक्षित माणूस असावा. हे काम आशा कार्यकर्तीच करू शकेल, कारण ती त्या घराला ओळखते. मात्र तिच्या मोबदल्याचा एक भाग कामागणिक ठरतो, आणि ज्या भेटीचा मोबदला ठरलेला नाही ती भेट आधीच वाकलेल्या तिच्या खांद्यावर टाकण्याचा हक्क कोणाला नाही. त्यामुळे सुरुवात समुपदेशनाच्या प्रशिक्षणापासून नव्हे, आरोग्य विभागाच्या अंदाजपत्रकात या चार भेटींचा दर लिहिण्यापासून करावी लागेल.